काठ पांढरा का झाला?

लंडनमध्ये कोल्डहार्बर लेन नावाचा रस्ता आहे. आज तिथे बस आणि दुकानांची गर्दी असते, पण १७४८ साली ती कॅम्बरवेल नावाच्या खेड्याजवळची साधी वाट होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथे दोन अनोळखी फुलपाखरं सापडली. पंख गडद मरून, जवळजवळ काळे. कडेला निळ्या ठिपक्यांची ओळ आणि त्याबाहेर पिवळा काठ, थेट एखाद्या साडीसारखा!

मोझेस हॅरिसने १७६६ च्या 'द ऑरेलियन' या पुस्तकात त्याला नाव दिलं : 'ग्रँड सरप्राइज' किंवा 'कॅम्बरवेल ब्यूटी'. दुसरं नाव टिकलं. गंमत म्हणजे हे फुलपाखरू कॅम्बरवेलचं नाहीच, ब्रिटनचंही नाही. ते युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतलं. ब्रिटनमध्ये ते पाहुणं म्हणून येतं. १८७२, १९७६, १९९५ अशा एखाद्या वर्षी जरा जास्त संख्येने. म्हणजे सँपल साइझ दोन, आणि नाव कायमचं! अमेरिकेत त्याला 'मॉर्निंग क्लोक' म्हणतात. मॉर्निंग म्हणजे सकाळ नव्हे हं, दुखवटा. जर्मन नावाचा अर्थही तोच, सुतकातला झगा.

आता खरी गोष्ट. बहुतेक फुलपाखरं थंडी अंडी, अळी किंवा कोषात काढतात. हे मात्र पूर्ण वाढलेलं असताना, झाडाच्या सालीखाली नाहीतर लाकडांच्या ढिगात पंख मिटून बसतं. मिटलेले पंख जळक्या सालीसारखे दिसतात. वसंतात बाहेर येऊन झाडाचा चीक पितं, अंडी घालतं आणि मरतं. आयुष्य दहा-अकरा महिने, फुलपाखराच्या मानाने भरपूर. पण तोवर पिवळा काठ विटून पांढरा झालेला असतो.

इथेच घोळ झाला. एकोणिसाव्या शतकातल्या काही ब्रिटिश संग्राहकांची समजूत होती की पांढरा काठ म्हणजे अस्सल ब्रिटिश, पिवळा म्हणजे परदेशी. पिवळा काठ असला की मालावर संशय! हिवाळा सोसल्याची खूण त्यांना देशाचा शिक्का वाटली.

हसू येतं, पण मीही बग शोधताना हेच करतो. दोन लॉगमध्ये फरक दिसला की मनातलं कारण त्याला चिकटवून मोकळा. त्या लोकांना दिसलेला फरक खराच होता. फक्त ते फुलपाखरू कुठून आलं एवढंच विचारत बसले. ते कशातून गेलं, हे विचारायचं राहून गेलं.