गोंद, पंख आणि मोटार

हिंदीत डिंकाला गोंद म्हणतात. जंगलातून हा गोंद आणून विकणाऱ्यांच्या बाजारावरून गोंदिया हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. दुसरी हे नाव गोंड जमातीशी जोडते. या वादात आम्ही पडत नाही. परंतु जुन्या बांधणीच्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना डिंकाचा एक गुण ठाऊक असतो: पाण्याने तो पुन्हा सुटतो. तो जोडतो, पण जोडलेल्या वस्तूला कायमचे बांधून घालत नाही. एमएच ३५ अशी पाटी मिरवणाऱ्या एखाद्या मोटारीच्या मागच्या झाकणावर पंख बसवलेला दिसला की आमच्या मनात हाच प्रश्न येतो. तो डिंकाने जोडल्यासारखा आहे, की पत्र्याला भोके पाडून ठोकलेला?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १९५६ साली मिखाएल मे या तरुण स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे ५५० गाडीवर, चालकाच्या डोक्यावर येईल असा एक आडवा पंख उभारला. विमानाचा पंख उलटा केला तर तो गाडीला उचलण्याऐवजी जमिनीवर दाबेल, एवढा साधा विचार त्यामागे होता. चालवताना त्याचा कोनही बदलता येत असे. न्युर्बुर्गरिंगच्या सरावात ही गाडी इतकी वेगवान निघाली की अधिकाऱ्यांनी मागच्या चालकांना दिसत नाही असे कारण देऊन तो उतरवायला लावला. मोटारीच्या इतिहासातील एक मोठी कल्पना अशी सहजपणे काढून ठेवण्यात आली. ती परत यायला दहा वर्षे लागली.

१९६६ मध्ये जिम हॉल यांच्या शापराल २ ई या गाडीने उंच खांबांवरचा पंख शर्यतीत आणला आणि मग सर्वांनाच पंख फुटले. येथे गोष्ट जोडापाशी येते. हे पंख चाकांजवळच्या भागांवर बारीक खांबांनी टेकवलेले असत, म्हणजे दाब थेट टायरवर जाई. मात्र तोच दाब आणि रस्त्याचे धक्के त्या खांबांनाही सोसावे लागत. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंटज्विक मार्गावर ग्रॅहम हिल यांच्या लोटस गाडीचा पंख मोडला आणि ती कठड्यावर आदळली. थोड्याच फेऱ्यांनंतर त्याच जागी योखेन रिंट यांच्या लोटसचेही तेच झाले. रिंट जखमी झाले. दोन आठवड्यांच्या आत, मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी, असे उंच पंख बंद करण्यात आले. पंखाची कल्पना चुकीची नव्हती. चुकला तो सांधा.

आम्हाला सर्वांत मनोरंजक वाटतो तो १९७३ चा प्रसंग. बीएमडब्ल्यूच्या ३.० सीएसएल या गाडीला शर्यतीसाठी मोठा पंख हवा होता आणि शर्यतीच्या नियमानुसार तो विक्रीच्या गाडीवरही असावा लागे. परंतु जर्मनीत रस्त्यावर तो लावण्यास परवानगी नव्हती. कंपनीने मार्ग काढला: पंख गाडीच्या डिकीत ठेवून ती ग्राहकाच्या हवाली केली. लावायचा तर मालकाने लावावा. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी वस्तू सुटी ठेवण्याची ही युक्ती पाहून हसू येते, पण तिच्यात व्यवहाराची जाणही आहे.

असे काढते-घालते वाहन झाडीपट्टीला अपरिचित नाही. आमच्याकडची बंडी हे त्याचेच उदाहरण. शेणखत न्यायचे तेव्हा उभाऱ्यांना बांबूच्या तट्ट्या दोराने बांधायच्या, धानाचे भारे आणायचे तेव्हा त्या सोडायच्या. मूळ सांगाड्यावर खिळा ठोकण्याची गरज नसे, कारण खिळ्याच्या भोकातून पाणी शिरते आणि लाकूड तेथून कुजते. पत्र्याचेही तसेच आहे. भोक पाडले की रंगाचा थर तुटतो, उघड्या कडेला ओल लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंजाचा फुगवटा रंगाखालून वर येतो. पंख काढून टाकला तरी भोके राहतात.

म्हणून आज शहाणा कारागीर छोट्या पंखासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी अॅक्रिलिक फोमची पट्टी वापरतो. १९८० नंतर रूढ झालेल्या या पट्टीचे बळ हळूहळू वाढते: चोवीस तासांत बरेचसे आणि पूर्णपणे साधारण बहात्तर तासांनी. त्याआधी गाडी धुऊ नये, पळवू नये. पत्रा आधी अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, कारण पट्टीखाली धूळ राहिली तर ती नीट चिकटत नाही. नुकताच रंग दिला असेल तर तो पक्का होईपर्यंत थांबावे. मोठ्या, खरोखर दाब निर्माण करणाऱ्या पंखाला मात्र पट्टी पुरत नाही. तो गाडीच्या मूळ बोल्टांना आधार घेऊनच बसवला पाहिजे. मोंटज्विकचा धडा तोच आहे.

आता खरेच दाब निर्माण होतो का, हेही पाहायला हवे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० किलोमीटरला पंखावर येणारा जोर ४० ला येणाऱ्या जोराच्या नऊ पट असतो. गोंदियाच्या बाजारातून गाय, रिक्षा आणि सायकली चुकवीत जाणाऱ्या गाडीवर तो जवळजवळ शोभेचाच असतो. येथे आनंदवर्धनाची आठवण होते. गुण काव्याच्या आत्म्याला धरून असतात, अलंकार मात्र हातातल्या कड्यांसारखे अंगाला धरून, असा भेद त्याने केला. (मिराशींच्या मते भवभूतीचे पद्मपूर आमगावजवळचेच, तेव्हा अलंकारशास्त्राची आठवण येथे अगदीच उपरी नव्हे.) मोटारीच्या पंखाची गंमत ही की ४० च्या वेगात तो कडे असतो, आणि वेग तिपटीने वाढला की तोच गुण होऊ लागतो. आनंदवर्धनापुढे असा अलंकार आला नसावा.

कायद्याला हा सूक्ष्म भेद मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. काढता येतो म्हणून पंख आपोआप कायदेशीर ठरत नाही. पण तो काढून घेतल्यावर गाडी कारखान्यातून आली तशी उरते, आणि विकताना किंवा तपासणीच्या वेळी हे महत्त्वाचे ठरते.

काढण्याचे तंत्रही सावकाशीचे आहे. केस वाळवण्याच्या यंत्राने पट्टी ऊन करायची, मासे पकडण्याची नायलॉनची दोरी पंखाखालून घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची, ओढताना पत्र्याला पाते लागू द्यायचे नाही. पंख सुटतो. रंगावर राखाडी फोमचा पापुद्रा उरतो. तो अंगठ्याने घोळवत गेले की त्याच्या डिंकासारख्या बारीक गोळ्या होऊन खाली पडतात.