ओझर विमानतळ (नाशिक)

नाशिक जिल्ह्यातील प्रवासी व मालवाहू विमानतळ. नाशिक शहराच्या ईशान्येस सुमारे २० किमी. अंतरावर, मुंबई–आग्रा महामार्गाजवळ. मालकी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) या केंद्र सरकारच्या कंपनीची.

मिग-२१ लढाऊ विमाने बांधण्यासाठी १९६४ मध्ये ओझरला कारखाना निघाला. पुढे येथेच सुखोई-३० तयार होऊ लागली. सुमारे ३ किमी. लांबीची धावपट्टी या कारखान्यासाठी झाली आणि त्यामुळेच मोठी मालवाहू विमाने येथे उतरू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विमानतळांपैकी फार थोड्यांना एवढी धावपट्टी लाभली आहे.

मालवाहतूक : एचएएल व कंटेनर कॉर्पोरेशन (कॉन्कोर) यांच्या ‘हॅल्कॉन’ या संयुक्त उपक्रमाकडे येथील कार्गो संकुल आहे. द्राक्षांचा जिल्हा म्हणून येथून द्राक्षे उडत असतील असे वाटते. पण युरोपला जाणारी द्राक्षे शीतकंटेनरमधून, मुख्यतः न्हावा-शेवा बंदरातून, जहाजाने जातात. नीट थंड ठेवलेले द्राक्ष आठवडेच्या आठवडे टिकते आणि समुद्रमार्गाचे भाडे कितीतरी कमी पडते.  ओझरहून आखाती देशांत, विशेषतः शारजाला, विमाने गेली ती शेळ्या-मेंढ्यांची. दिंडोरी तालुक्यातील हरितगृहांतला गुलाब मात्र नाशवंत आणि वजनाने हलका; विमानाला साजेसा खरा शेतमाल तोच आहे. त्याच्यासाठी येथे नियमित सेवा उभी राहणे फार गरजेचे आहे.

प्रवासी वाहतूक : स्वतंत्र प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये बांधून झाले, पण नियमित विमाने लगेच आली नाहीत. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई व पुण्याची सेवा सुरू केली. ती टिकली नाही. २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीला विमान सोडले. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. त्यानंतर अलायन्स एअर, ट्रूजेट, स्टार एअर, स्पाइसजेट येऊन गेल्या. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि नागपूर, गोवा, अहमदाबाद जोडले गेले. पुढच्या वर्षी दिल्लीही. नाशिक–मुंबई प्रवास रस्त्याने काही तासांचा आहे. विमानतळावर आधी पोचून थांबण्यातच त्यातला बराच वेळ जातो. त्यामुळे येथील भरवसा दूरच्या शहरांवरच.

प्रभावक्षेत्र : नाशिकसह धुळे व अहिल्यानगर जिल्ह्यांचा काही भाग. कसारा घाटाखालचा शहापूर तालुका याच महामार्गावर असला तरी तेथील प्रवासी मुंबईकडे वळतो. मुरबाड तालुक्यातील टोकावडे, वैशाखरे ही गावे कल्याण–माळशेज रस्त्यावर असल्याने ओझर त्यांना आडवाटेचे पडते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने त्यांच्यासाठी दुसरा पर्यायही खाली कोकणातच झाला आहे.