तंबाखू आपल्या घरात आली कुठून?

गटाच्या बैठकीत विडीचा किंवा मिश्रीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आजी-पणजीपासून चालत आलंय, आता काय सुटणार?" म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगते. जी गोष्ट आपण जुनी रीत समजतो, ती खरोखर किती जुनी आहे ते पाहू.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 साली तिकडे पोहोचला, तोवर आपल्याकडे तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं. विड्याचं पान, सुपारी, चुना, कात हे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, पण त्या विड्यात तंबाखू नव्हती. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात महाराष्ट्राच्या मातीत तंबाखूचं एक रोपही नव्हतं.

ती इथे आणली पोर्तुगीजांनी. आपली वसई 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. मिरची, काजू, पेरू हेही त्यांच्याच जहाजांतून आले आणि आपल्या स्वयंपाकघरात रुळले. तंबाखूही तशीच रुळली, पण तिने पोट भरलं नाही.

1604 च्या सुमाराची एक नोंद आहे. बादशहा अकबराचा असद बेग नावाचा अधिकारी विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि नळीसकट दरबारात नेली. अकबराने कुतूहलाने थोडा धूर ओढून पाहिला. तेव्हा त्याच्या हकिमाने अडवलं. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, आपण ते पारखलेलं नाही, परक्यांचं पाहून घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे सावध करणारा माणूस पहिल्या दिवसापासून होता! पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखू ओढायला बंदीही केली, पण ती टिकली नाही. शेतकऱ्याला नगदी पीक मिळालं, व्यापाऱ्याला नफा आणि सरकारला कर. ज्याच्या हातात पैसा येतो तो सहजी सोडत नाही.

बायकांपर्यंत ती मिश्रीच्या रूपाने आली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. दात दुखले की मिश्री, पोट साफ होत नाही म्हणून मिश्री. औषध म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लावल्याशिवाय काम सुचत नाही. तो औषधाचा गुण नसतो, निकोटीनची सवय असते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली.

विडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यावर हजारो बायकांचं पोट चालतं. स्वदेशी चळवळीत परदेशी सिगारेटपेक्षा देशी विडी बरी, असं लोकांना वाटलं आणि धंदा वाढला. टेंभुर्णीच्या पानाच्या विड्या होतात, तशा दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो त्या आपट्याच्या पानाच्याही होतात. सोलापूर, सिन्नर, भंडारा-गोंदिया इथे बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या. त्यांच्यासाठी 1966 साली कायदा झाला, 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, ज्यांनी आपल्याच भागातल्या वारली बांधवांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. तेव्हा विडी वाईट म्हणताना विडी वळणारीला दोष देऊ नका. तिला दुसरं काम मिळणं हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

आता आजचं चित्र बघा. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. सात वर्षांपूर्वी हेच प्रमाण 31.4 टक्के होतं. म्हणजे सुटते! पण बायकांचा आकडा नीट ऐका. धूर ओढणाऱ्या बायका 1.4 टक्के, तर मिश्री, तंबाखू अशी बिनधुराची घेणाऱ्या 16.6 टक्के. घरातला पुरुष विडी ओढतो, त्याचा धूर बाई आणि मुलं घेतात, वर बाईची स्वतःची मिश्री वेगळीच.

मुंबईत गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमहून अधिक कमी वजनाची भरली. अंगणवाडीत वजनकाट्यावर बाळ ठेवताना शंभर ग्रॅमची किंमत आपल्याला कळते. विडीत तंबाखू कमी म्हणून ती हलकी, हाही गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते.

मग करायचं काय? एक, हिशेब मांडा. रोज वीस रुपये म्हणजे वर्षाला 7,300 रुपये. हा आकडा गटाच्या वहीत लिहा. दोन, सोडायचा दिवस ठरवा आणि घरात सांगा. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही. ते दिवस हळूहळू सरतात. तलफ आली की पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवा, हाताला काम द्या. तीन, 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर सरकारी समुपदेशक बोलतात. चार, घरात आणि गरोदर बाईजवळ धूर नको, हा नियम करा. पाच, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून कडक झाली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे. आपल्या गोखिवऱ्यात शाळेजवळ टपरी दिसली तर गटाच्या नावाने अर्ज द्या. एकटीला उत्तर मिळत नाही, दहा सह्यांना मिळतं.

आणि कुणी पुडी पुन्हा हातात घेतली तर तिला हसू नका. बऱ्याच जणींना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. तिला पुढचा दिवस ठरवायला मदत करा.

पुढच्या बैठकीत बचतीची वसुली झाली की एकच प्रश्न विचारा: आपल्यापैकी किती जणी मिश्री लावतात आणि कुणाला सोडायची आहे? हात वर करणारीच्या शेजारी एक सखी बसवा. चारशे वर्षांपूर्वी जहाजातून आलेली ही पाहुणी आपल्या घरची नाही. तिला दारापर्यंत पोहोचवायचं काम आपलं आहे.