डोळ्याच्या पडद्याला सूज : एका इंजेक्शनवर का भागत नाही?

घरात कुणी म्हणतं, "एका डोळ्याने धुरकट दिसतंय." पहिला संशय चष्म्याच्या नंबरवर, दुसरा मोतीबिंदूवर. डोळा लाल नाही, दुखतही नाही, म्हणून तपासणी दिवाळीनंतर, मग लग्नसराईनंतर अशी पुढे ढकलली जाते. पण त्या माणसाला मधुमेह किंवा बीपी असेल तर आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे पडद्याच्या मधोमध आलेली सूज. रिपोर्टवर ती 'मॅक्युलर एडिमा' अशी लिहिलेली असते.

मॅक्युला, म्हणजे पीतबिंदू, हा पडद्याचा जेमतेम ५-६ मिलिमीटरचा मधला भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्याच जोरावर. तिथे पाणी साचलं की मधलं चित्र पुसट होतं आणि सरळ रेषा वाकड्या दिसतात. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघा, मग दुसरा झाकून. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून टाकतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ताच लागत नाही.

पाणी येतं कुठून?

मधुमेहात वाढलेली साखर वर्षानुवर्षं पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर करते. त्यांना छोटे फुगे येतात आणि त्यातून पाणी, चरबी झिरपते. हे हळूहळू होतं.

दुसरा प्रकार अचानक होतो. पडद्यात धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं आवरण एकच असतं. बीपीमुळे कडक झालेली धमनी शिरेला दाबते, तिथे रक्ताची गुठळी होते, आणि नाली तुंबल्यावर पाणी मागे साचावं तसं रक्त मागे साचतं. झोपून उठल्यावर एका डोळ्याने अंधूक, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे रुग्ण असतात.

दोन्हीकडे पुढचा टप्पा सारखाच. रक्त कमी पोचल्याने गुदमरलेला पडदा 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याने रक्तवाहिन्या आणखी गळू लागतात.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००६ ते २००९ या काळात मध्य भारतातल्या खेड्यांमधल्या तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. शीर बंद झालेले शंभरात एकाहूनही कमी निघाले. पण आकडा लहान म्हणून निश्चिंत राहू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर आहेत, आणि शहरी भागात त्यांचं प्रमाण १६.४ टक्के आहे.

उपचार काय?

आधी बाहुली मोठी करून तपासणी, मग ओसीटी. ओसीटी म्हणजे प्रकाशाने काढलेला पडद्याचा उभा छेद. सुई नाही, दुखणं नाही, आणि सूज किती मायक्रॉन आहे ते कळतं. गरज पडल्यास हातातून रंगद्रव्य देऊन अँजिओग्राफीही करतात.

मुख्य औषध म्हणजे व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन. 'डोळ्यात सुई' ऐकून घाम फुटतो, ते साहजिक आहे. पण डोळा थेंबांनी बधिर करतात, सुई बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते, आणि काम काही सेकंदांचं असतं.

खरी अडचण पुढे आहे. औषध काही आठवड्यांत ओसरतं, पण पडदा व्हीईजीएफ सोडतच राहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मधुमेही रुग्णांना पहिल्या वर्षी साधारण ९ ते १० इंजेक्शनं लागली. हे आधी नीट सांगितलं गेलं नाही, तर दोन इंजेक्शनांनंतर बरं वाटलं म्हणून एक जण थांबतो आणि फरक पडला नाही म्हणून दुसरा. मधल्या काळात सूज टिकून राहिली तर पडद्याच्या पेशी कायमच्या मरतात, आणि मग पाणी ओसरलं तरी नजर परत येत नाही.

थांबण्याचं आणखी एक कारण पैसा. बेव्हासिझुमॅब हे मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी बऱ्याच स्वस्तात पडतं. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट महाग. जानेवारी २०१६ मध्ये अहमदाबादमधल्या एका घटनेनंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी बेव्हासिझुमॅब डोळ्यात वापरू नये असा इशारा दिला होता, मार्चमध्ये तो मागे घेतला. वरच्याच अमेरिकी अभ्यासात नजर फारशी उतरलेली नसताना तिन्ही औषधांचा परिणाम जवळपास सारखाच होता. नजर जास्त उतरलेली असताना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. म्हणजे लवकर गेलात तर स्वस्त औषधावर काम भागण्याची शक्यता अधिक. माझ्या मते डॉक्टरांशी बोलताना हा प्रश्न न लाजता विचारावा.

स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा काही महिने टिकणारं इम्प्लांटही असतं, पण त्याने मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. लेझर आता निवडक रुग्णांनाच. साखर आणि बीपी ताब्यात नसेल तर यातलं काहीच नीट टिकत नाही. नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, तो आपोआप जातो. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर वेळ हातात नसतो.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे नेत्रविभाग आहे. जाताना पडद्याच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून निघा, जुने ओसीटी रिपोर्ट सोबत ठेवा. आणि गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर न्या. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, नागपूरच्या उन्हात तर अजिबात नाही.