गावठाण हलते तेव्हा

गाव कोठे वसावे, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कोणी विचारला नव्हता. विहीर, ओढा आणि देऊळ यांनी तो केव्हाच सोडविला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुढे तो एकाएकी उभा राहिला. त्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. दगडमातीच्या ज्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी उन्हाळ्यात गारवा दिला, त्यांनीच निजलेल्यांचा घात केला.

सास्तूरसह ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. धास्तावलेल्या लोकांनाही रुंद रस्ते आणि मोकळी जागा हवी होती; तेव्हा सारा दोष सरकारच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु घराचे माप जमिनीवरून ठरले: भूमिहीनाला आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. शेजार कोणाचा, गुरे कोठे बांधायची, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. सरळ रेषांच्या वसाहतींत कित्येक ठिकाणी जुन्या आळ्या विखुरल्या. गाव पसरले तसे नळ आणि रस्ते लांबले, त्यांच्या डागडुजीचा बोजाही वाढला.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. शेतीचा पट्टा निवासी होतो, मैदानाचे आरक्षण उठते, तेव्हा ती नोटीस आपण वाचतो काय? सास्तूरकरांना संकटाच्या घाईत ठरवावे लागले. आपल्याला सवड आहे. ती दवडली, तर पुढे दोष कोणाला देणार?