ठासणीची हलकी गोळी

जुन्या कागदांत ज्याला चांभारगोंदें म्हटलें आहे, तें श्रीगोंदें शिंद्यांच्या जहागिरीचें गांव. या घराण्याच्या इतिहासांत भाल्यातरवारींचें वर्णन पुष्कळ येतें. परंतु त्या घरावर ज्या वस्तूनें मोठा घाला घातला, ती शिशाची एक लहानशी गोळी होती. ता. 10 जानेवारी 1760 रोजीं बुराडी घाटावर यमुनेच्या पात्रांतील झुडपांतून दडलेल्या बंदूकवाल्यांपुढें दत्ताजी शिंदे पडले. जनकोजींनाही गोळी लागली. वर्षभरानें पानिपतावर विश्वासराव गोळीनेंच गेले, आणि महादजी पायाला जन्माचें अधूपण घेऊन परतले.

ही गोळी भरीत कशी, तें आज पाहूं. काडतुसाच्या पितळी नळकांड्यांत सारें आयतें मिळूं लागण्यापूर्वीं प्रत्येक बार हातानें भरावा लागे. नळींत मापानें दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, गजानें ठासावयाची, कानाशीं रंजक घालावयाची. मग तोड्याचें किंवा चकमकीचें काम. कोणासही वाटेल कीं, गोळी नळींत अगदीं घट्ट बसणारी हवी, म्हणजे दारूचा जोर वायां जाणार नाहीं. व्यवहार मात्र उलट होता. काळी दारू जळली कीं तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां काजळी व मळ होऊन उरतो. कांहीं बार झाले कीं हा मळ नळीला चिकटे आणि घट्ट गोळी अर्ध्या वाटेंतच अडकून बसे. शत्रु समोर असतां गज आपटीत बसण्याची ती वेळ नव्हे! म्हणून गोळी मुद्दाम लहान, अर्थात् हलकी, ओतीत.

इंग्रजांच्या पायदळी बंदुकीची नळी एका पौंडांत 11 गोळ्या बसतील अशा मापाची. गोळी मात्र पौंडास 14 या हिशेबाची. म्हणजे साडेतीन तोळ्यांच्या जागीं पावणेतीन तोळ्यांची. व्यास जेमतेम बाराव्या हिश्श्यानें कमी, पण वजन पांचव्या हिश्श्याहूनही अधिक घटलेलें. गोलाचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें बदलतें, त्याचा हा परिणाम. हलकी गोळी सुटते वेगानें, पण वाऱ्यापुढें तिचा दम लवकर संपतो, आणि सैल असल्यामुळें ती नळीच्या कडांवर आपटत बाहेर पडते. नेम धरण्यांत फारसा अर्थ उरत नसे. पलटणीनें एकदम बार काढावा, हाच उपाय.

घोडेस्वाराच्या पिस्तुलाची अडचण निराळीच. त्याची नळी पौंडास 17 गोळ्यांची, गोळी 20 ची. खोगिराच्या पिशवींत तें तोंड खालीं करून ठेवलेलें असे. घोडा दौडूं लागला कीं सैल गोळी सरकून खालीं यावयाची! वरून कागदाचा बोळा ठासला नसेल, तर ऐन प्रसंगीं स्वाराच्या हातीं नुसता धूर. (पिस्तुलाचा खरा उपयोग शेवटीं मुठीनें हाणण्याचा, असें म्हणणाऱ्यांशीं भांडावयास मी तयार नाहीं.)

हा हलक्या-जडाचा प्रश्न संपलेला नाहीं. अमेरिकन सैन्यानें 1911 साली घेतलेल्या मोठ्या तोंडाच्या पिस्तुलाची रूढ गोळी 230 ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याची. निशाणबाजीचे षौकीन त्यासाठीं तोळाभराच्या, 185 ग्रेनच्या गोळ्या घरीं भरतात. धक्का कमी बसतो; पण कधीं पिस्तुलाचा मागचा खटका पुरता हलत नाहीं, आणि गोळी नेमाखालीं लागते, कारण हाताला बसणाऱ्या धक्क्यानें तोंड वर उचललें जाण्याआधींच ती निघून गेलेली असते.

महादजींनीं बुराडीचा धडा विसरावयाचा नव्हता. जुन्या तोडेदार बंदुका एकसारख्या मापाच्या नव्हत्या. ज्याची बंदूक, त्याचा साचा. शेजाऱ्याच्या गोळ्या उरल्या तरी आपल्या नळीला त्या उपयोगी पडतील, असा भरंवसा नसे. 1784 पासून डी बॉयनच्या हाताखालीं ज्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांना एका मापाच्या चकमकी बंदुका मिळाल्या. आग्र्यास सँग्स्टर नांवाचा स्कॉट गृहस्थ तोफा-बंदुका घडवी. गोळी आणि दारू कागदांत गुंडाळून तयार. शिपायानें दातांनीं फाडावें व ठासावें. 1790 सालीं पाटण व मेडता येथें या शिस्तीच्या बारापुढें राजपुतांची घोडदौड थांबली.

1 जून 1793 रोजीं लाखेरीस समोर होळकरांची फौज होती. तेथें डी बॉयनच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटून उडाल्या, तरी त्याच्या पलटणी मोडल्या नाहींत. आणि दोन्ही बाजूंस मराठेच होते.