अश्रू
डोळ्याच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यातील अश्रुग्रंथीतून मुख्यतः स्रवणारा खारट द्रव. त्यात सुमारे ९८ टक्के पाणी असून उरलेल्या अल्प भागात लवणे, प्रथिने व किंचित ग्लुकोज असते. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हा द्रव डोळ्यावर पसरून त्याचे पातळ पटल तयार होते. त्यातील श्लेष्म द्रवाला पृष्ठभागाशी धरून ठेवते, तर पापण्यांच्या कडांतील मायबोमियन ग्रंथींचा स्निग्ध स्राव वरून पसरून बाष्पीभवन रोखतो.

पारपटलात, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक आवरणात, रक्तवाहिन्या नसल्याने त्याला हवेतील ऑक्सिजन अश्रूंत विरघळूनच मिळतो, आणि हेच अश्रूंचे सर्वांत मोलाचे, तरी सहसा दुर्लक्षित राहणारे कार्य होय. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णिलेले लायसोझाइम हे अश्रूंतील एंझाइम जीवाणूंची पेशीभित्ती फोडते. लॅक्टोफेरिन हे प्रथिन जीवाणूंच्या वाढीस लागणारे लोह बांधून ठेवते. धूर वा कांद्याची वाफ लागताच प्रतिक्षेपाने येणारे विपुल अश्रू डोळा धुऊन काढतात.

वापरलेले अश्रू नाकाकडील कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांवाटे नाकात उतरतात, म्हणूनच रडताना नाक वाहते. अ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी श्लेष्मस्राव घटून डोळा शुष्क होतो व पारपटल विरघळून कायमचे अंधत्व येऊ शकते.